निर्देशांक अर्धा झाला, मुलांची उंची तिथेच

२०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातली बहुआयामी गरिबी १४.८० टक्क्यांवरून ७.८१ टक्क्यांवर आली. आकडा नीती आयोगाचा, २०२३ सालच्या अहवालातला. जवळजवळ निम्मी घट. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीवरून काढलेला आहे. आता त्याच दोन फेऱ्यांमधलं महाराष्ट्राचं दुसरं पान उघडा. पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण ३४.४ टक्के होतं, ते ३५.२ झालं. वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुलं ३६.० आणि ३६.१. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुलं, दोन्ही वेळा २५.६.

दोन्ही पानं खरी आहेत. कुणी आकडे फुगवलेले नाहीत. फक्त पहिलं पान बातमीत येतं आणि दुसरं तक्त्यात पडून राहतं. नुसत्या जीडीपीवर राज्याची प्रगती मोजू नये, हे आता सगळ्यांना पटलेलं आहे. पण त्याच्या जागी एक निर्देशांक आणून बसवला की काम झालं, असाही समज झालाय. तो समज कसा फसवतो, हे बघायला निर्देशांक खोलूनच बघावा लागतो.

नीती आयोगाच्या निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग आहेत, प्रत्येकाला एक तृतीयांश वजन. त्यात एकूण १२ निकष. अहवालात वजनं अपूर्णांकांत दिलेली असतात (एक षष्ठांश, एक बारांश, एक एकविसांश) आणि ती वाचताना डोकं गरगरतं. सोपं करायचं तर ही ८४ गुणांची उलटी परीक्षा समजा: जितके गुण जास्त तितकं वंचित. पोषणाला १४ गुण, बाल व किशोर मृत्यूला ७, माता आरोग्याला ७. शिक्षणात 'घरात दहा वर्षांवरच्या एकानेही सहा वर्षं शाळा पूर्ण केलेली नाही' याला १४ आणि 'आठवीपर्यंतच्या वयाचं मूल शाळेत जात नाही' याला १४. राहणीमानात सात निकष: स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक किंवा पोस्टातलं खातं. प्रत्येकी ४. बेरीज ८४. ज्या घराचे २८ किंवा त्याहून जास्त गुण भरतात, ते घर गरीब, आणि त्या घरातलं प्रत्येक माणूस गरीब.

आता एक काल्पनिक घर घ्या. पाच माणसं. आईचा बीएमआय १८.५च्या खाली, म्हणून पोषणाचे १४. चूल लाकडावर, ४. शौचालय नाही, ४. घर कच्चं, ४. पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासावर वेळ लागतो, ४. एकूण ३०. घर गरीब.

गावात नळ आला. पाण्याचे ४ गेले, राहिले २६. पाचही माणसं त्या दिवशी बहुआयामी गरिबीतून बाहेर. आईचं वजन तेवढंच आहे, चूल धुरकटच आहे, भिंती मातीच्याच आहेत. नळ आला ही मोठीच गोष्ट आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण 'गरिबीतून बाहेर पडले' या शब्दांनी वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते या घराचं नाही.

यात खोड निर्देशांकाची नाही, उंबरठ्याची आहे. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे दोन गुणांनी माणसं सरकतात. म्हणून नुसतं 'किती टक्के गरीब' न वाचता शेजारचा रकानाही वाचायचा: जे गरीब आहेत ते सरासरी किती वंचित आहेत. देशपातळीवर २०१९-२१मध्ये गरीब १४.९६ टक्के आणि त्यांच्या वंचिततेची तीव्रता ४४.३९ टक्के. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ०.०६६, हा खरा निर्देशांक. आधीच्या फेरीत तीव्रता ४७.१४ होती. म्हणजे गरिबांची संख्या झपाट्याने घटली, पण जे उरले त्यांची अवस्था थोडीच सुधारली.

आणि कोणते गुण आधी सुटतात तेही बघण्यासारखं आहे. देशात वीज नसलेल्या घरांतल्या लोकांचं प्रमाण १२.१६वरून ३.२७ टक्क्यांवर आलं. शौचालयाच्या निकषावर वंचित असलेले ५१.८८वरून ३०.१३वर. पोषणाच्या निकषावर वंचित ३७.६०वरून ३१.५२वर. वीज, खातं, शौचालय, गॅस या गोष्टी निविदा काढून, लाभार्थ्यांची यादी करून, मार्चअखेर 'पूर्ण' दाखवता येतात. मुलाची उंची तशी वाढत नाही. त्यासाठी आईचं लग्नाचं वय, गरोदरपणातलं जेवण, बाळाचा सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार, जुलाब, पाणी आणि दोन मुलांमधलं अंतर हे सगळं एकाच घरात, एकाच वेळी जुळावं लागतं. यातल्या निम्म्या गोष्टींसाठी स्वतंत्र लेखाशीर्षसुद्धा नसतं.

महाराष्ट्रात सुधारित आणि स्वतंत्र शौचालय वापरणाऱ्या घरांतली लोकसंख्या ५२.३वरून ७२.० टक्के झाली, स्वच्छ इंधन वापरणारी ५९.९वरून ७९.७. निर्देशांक अर्धा का झाला, ते या दोन ओळींवरून बरंचसं कळतं.

शौचालयाच्या आकड्यावर नेहमी एक वाद होतो, तोही इथेच मिटवून टाकू. ग्रामीण महाराष्ट्र एप्रिल २०१८मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला आणि पाचव्या फेरीचं राज्यातलं काम २०१९च्या उत्तरार्धात झालं. मग ७२ टक्केच कसे? एक पक्ष म्हणतो घोषणा खोटी, दुसरा म्हणतो पाहणी खोटी. खरं तर दोन्ही मोजमापं वेगळ्या गोष्टींची आहेत. घोषणा बांधलेल्या शौचालयांवर झाली. पाहणी वापराबद्दल विचारते, आणि दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं शौचालय 'सुधारित' धरत नाही. मुंबईच्या चाळीत आणि वस्तीत सार्वजनिक संडास वापरणारी सगळी घरं उरलेल्या २८ टक्क्यांत येतात. ते २८ टक्के म्हणजे सगळे उघड्यावर जाणारे नव्हेत. गॅसचंही तसंच: कनेक्शन घरात आहे का, हा प्रश्न नाही; स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो, हा आहे. सिलिंडर भरून आणणं परवडत नाही म्हणून कोपऱ्यात उभा असेल तर त्या घराला चुलीचे ४ गुण लागतात. निकषाची व्याख्या न वाचता आकड्यावर भांडणं हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे.

मानव विकास निर्देशांकाबद्दल थोडक्यात. १९९०पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे तो येतो, महबूब उल हक आणि अमर्त्य सेन ही त्यामागची नावं. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न असे तीन घटक. २०१०च्या आधी तिघांची साधी सरासरी काढत, २०१०पासून गुणोत्तरी सरासरी, म्हणजे तिघांच्या गुणाकाराचं घनमूळ. फरक बारीक वाटतो, पण आहे महत्त्वाचा. समजा दोन घटकांत ०.९ आणि तिसऱ्यात ०.३. साधी सरासरी ०.७०, गुणोत्तरी ०.६२. म्हणजे उत्पन्न भरपूर असलं तरी शिक्षणातली मागासलेली बाजू आता झाकली जात नाही. महाराष्ट्राचे दोन मानव विकास अहवाल निघाले, २००२ आणि २०१२चे. दुसऱ्यात राज्याचा निर्देशांक ०.७५२, मुंबईचा ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४.

जिल्हा पातळीवर उत्पन्नाचा आकडा घेताना मात्र सावध राहावं. जिल्हा उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात निर्माण झालेलं उत्पन्न. जिल्ह्यातल्या लोकांच्या हातात पडलेलं नव्हे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. तिथली वीज राज्यभर जाते, पण मूल्य चंद्रपूरच्या खात्यात मांडलं जातं, आणि राख चंद्रपूरच्याच हवेत राहते, ती कुठल्याच खात्यात मांडली जात नाही. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज निघायला लागलं की जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वर जाणारच. त्या आकड्यावरून भामरागडच्या घरात काय शिजतं याचा अंदाज बांधू नये. शिवाय बऱ्याच क्षेत्रांचे आकडे जिल्ह्यात प्रत्यक्ष मोजलेले नसतात. राज्याचा आकडा कामगारांची संख्या वगैरे प्रमाणांवर वाटून दिलेला असतो.

सामाजिक प्रगती निर्देशांकात उत्पन्न मुद्दामच घेतलेलं नाही, आणि ही त्याची जमेची बाजू. आधी प्रगती मोजायची, मग उत्पन्नाशी ताडून बघायची. डिसेंबर २०२२मध्ये भारतातल्या राज्यांसाठी तो आला तेव्हा पुदुच्चेरी ६५.९९, लक्षद्वीप ६५.८९, गोवा ६५.५३ असे पहिले तीन होते. 'गोवा तिसरा' असे मथळे आले. पहिल्या आणि तिसऱ्यात अर्ध्या गुणाचाही फरक नाही. राज्य पातळीवरच्या ८९ निकषांपैकी एक-दोन बदलले तर क्रम उलटू शकतो. क्रमांकाकडे बघूच नये, असं माझं सरळ मत आहे. तळाला झारखंड ४३.९५ आणि बिहार ४४.४७, हे वाचण्यासारखं आहे, कारण ते अंतर वीस-बावीस गुणांचं आहे.

जिल्ह्यांच्या क्रमवारीत तर गोंधळ आणखी वाढतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ घरं घेतली. ३६ जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला सरासरी पावणेनऊशे. त्यात पाच वर्षांखालची मुलं समजा ३०० सापडली आणि त्यांत ३५ टक्के खुजी निघाली, तर चुकीची मर्यादा अधिक-उणे साडेपाच टक्के येते. नमुना गावागावातून पुंजक्यांनी घेतलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहून जास्तच. म्हणजे ३३ टक्क्यांचा जिल्हा ३७ टक्क्यांच्या जिल्ह्यापेक्षा बरा आहे, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. तालुक्याचा आकडा तर यातून निघतच नाही. कुणी तालुकानिहाय तक्ता 'राष्ट्रीय पाहणीवरून' म्हणून पुढे केला तर तो कसा काढला, हे आधी विचारावं. याच न्यायाने राज्याचं ३४.४वरून ३५.२ होणं यालाही मी वाढ म्हणणार नाही. अडकलंय म्हणेन.

मग तालुक्यासाठी उरतात प्रशासनाचे आकडे: अंगणवाडीतलं वजन-उंचीचं मोजमाप, शाळांची यू-डायस माहिती, आरोग्य केंद्रांची मासिक नोंद. यांत काय बिघडतं ते एका मुलावर दाखवता येतं.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. झोपवून मोजलेली लांबी उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते तेवढा फरक धरूनच केलेले आहेत. २४ महिन्यांच्या मुलग्यासाठी खुजेपणाची रेघ झोपवून ८१.७ सेंटीमीटर, उभं करून ८१.०. आता मूल रडतंय, उभं राहत नाही, म्हणून सेविकेने झोपवून मोजलं, ८१.३ आलं आणि नोंदीत 'उभी उंची' म्हणून भरलं. रेघ ८१.०, मूल ८१.३, सामान्य! खरं तर ते खुजं आहे. वयाचंही असंच. २३ महिन्यांची रेघ ८१.० लांबी, २४ महिन्यांची ८१.७. जन्मतारीख महिनाभर इकडेतिकडे झाली की निदान बदलतं. आईला तारीख आठवत नाही, मग 'दीड वर्षाचा', 'दोन वर्षांचा' असं गोल वय लिहिलं जातं. हे टाळायला जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड बघूनच वय लिहावं. टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू फळीला टेकलेली हवी. केसांचा अंबाडा किंवा क्लिप काढायला लावावी. गुडघे धरायला दुसरं माणूस लागतंच. सेविका एकटी असेल तर लांबीचा आकडा विसरा.

यावर स्वस्त उपाय आहे. दर दहा मुलांमागे एकाचं मोजमाप दुसऱ्या व्यक्तीने, पहिला आकडा न बघता, पुन्हा घ्यायचं. वजनात १०० ग्रॅम किंवा लांबीत ०.७ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही परत मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेने हे वाढीचे तक्ते तयार करताना हीच मर्यादा पाळली होती. असा फेरमोजणीचा रकाना नसलेल्या तक्त्यावर पैसे वाटू नयेत.

दुसरी अडचण छेदाची. 'तालुक्यात किती टक्के मुलं सॅम (अतितीव्र कुपोषित)', याचा छेद कोणता? अंगणवाडीत नाव असलेली मुलं, त्या महिन्यात मोजलेली मुलं, की तालुक्यातली सगळी मुलं? बीडमधून ऊसतोडीला जाणारी कोयती, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. जानेवारीत गावातल्या अंगणवाडीत वजन घेतलं, तर मागे आजी-आजोबांकडे राहिलेली मुलंच छेदात असतात. जी फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, आहेत, ज्यांचं खाणं, झोप आणि लसीकरण बिघडलंय, तीच मोजणीतून गेली. टक्केवारी सुधारते, आणि सगळं नियमाने करूनच सुधारते. कारखान्याच्या बाजूच्या तालुक्यात ती मुलं अंगणवाडीच्या यादीत चढलेली नसतात, म्हणून तिथेही धरली जात नाहीत. राष्ट्रीय पाहणीतही निवडलेल्या घराला कुलूप असेल तर त्याऐवजी शेजारचं घर घेत नाहीत, आणि आदल्या रात्री जे घरात झोपले त्यांचंच मोजमाप धरतात. लोकसंख्येचा मूळ आकडा २०११च्या जनगणनेचा. त्यावर अंदाज चढवत चढवत आपण एवढ्या लांब आलोय की वाढत्या शहरात लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं दिसलं तर नवल नको.

आकडा धोरणाला नीट लागू पडल्याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००२च्या अहवालानंतर २००६मध्ये मानव विकास मिशन सुरू झालं. पुढे ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत नेलं. तालुके निवडताना सगळा निर्देशांक न घेता स्त्री साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांचं प्रमाण अशा मोजक्या गोष्टी पाहिल्या. मुलींची शाळा सातवीनंतर का सुटते, तर माध्यमिक शाळा दुसऱ्या गावात आहे, म्हणून. त्यावर उत्तर म्हणून एसटीच्या निळ्या बस आल्या, जवळच्या मुलींना सायकली, रात्रीच्या अभ्यासासाठी अभ्यासिका. निकष एक, अडथळा एक, उपाय एक. बस वेळेवर येते का, शाळेच्या घंटेशी तिचं वेळापत्रक जुळतं का, हे महिन्याला तपासता येतं. आणि नववीची पटनोंदणी वाढली का, हे वर्षाला.

आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात (२०१८, आपल्याकडचे नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव) याच्या उलट ४९ निकष एकत्र. आरोग्य-पोषण ३० टक्के, शिक्षण ३०, शेती-पाणी २०, वित्तीय समावेशन आणि कौशल्य मिळून १०, पायाभूत सोयी १०. वजनं चुकीची नाहीत. पण क्रमवारी दर महिन्याच्या बदलावर लावतात, आणि महिन्याभरात बदलणारी गोष्ट म्हणजे उघडलेली खाती, मृदा आरोग्य पत्रिका, पूर्ण झालेल्या नोंदी. खुजेपणा महिन्याला मोजण्यात अर्थच नाही. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्याच्या आढावा बैठकीत वेळ कुठे जाणार, हे क्रमवारीच ठरवून टाकते.

जिल्हा परिषदेला किंवा एखाद्या संस्थेला स्वतःच्या तालुक्यासाठी तक्ता करायचा असेल तर सहा-सात निकष पुरेत, बेरीज करूच नये. प्रत्येक ओळीत निकषाबरोबर अंश, छेद, कोणत्या महिन्यात मोजलं, कुणी मोजलं आणि फेरमोजणीत किती फरक आला, एवढे रकाने हवेत. ऊसतोडीच्या तालुक्यात मोजमाप वर्षातून दोनदा घ्यावं: ऑक्टोबरमध्ये टोळ्या निघण्यापूर्वी आणि मेमध्ये त्या परतल्यावर, आणि तेही नावानिशी, त्याच मुलांचं. मेमध्ये जी मुलं सापडली नाहीत त्यांना यादीतून काढू नये. त्यांच्यासाठी 'मोजलं नाही' असा वेगळा रकाना ठेवावा, आणि बैठकीत आधी तोच वाचावा.